बेटकुळी मोठी कशी होते? वजनाच्या व्यायामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्यायामशाळेत शिकवतो. दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत जे प्रश्न कानावर पडतात, तेच इथे घेतले आहेत. घाम पुसत उभ्या असलेल्या मुलाला तिथे पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून सवडीने लिहिलं आहे.

वजन उचलल्यावर दंडाच्या आत नेमकं काय होतं?

बेटकुळी म्हणजे ज्या स्नायूचा उंचवटा, त्यात काही लाख तंतू असतात. एकेक तंतू जेमतेम केसाएवढा जाड, पण लांबीला कित्येक सेंटिमीटर. असा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते आणि तिच्यात केंद्रकं मात्र शेकडो असतात. तंतूच्या आत आणखी बारीक दोरे ठासून भरलेले असतात. त्या दोऱ्यांमध्ये ॲक्टिन आणि मायोसिन ही दोन प्रथिनं एकमेकांना धरून ओढतात. कोपर वाकतं ते या ओढीने.

हातात जड वजन असलं की या दोऱ्यांवर ताण येतो आणि तो ताण पेशीला कळतो. आत रासायनिक निरोप फिरू लागतात. त्यातला सगळ्यांत अभ्यासला गेलेला निरोप्या म्हणजे एमटॉर. त्याने सांगावा दिला की प्रथिनं बांधायच्या कामाला वेग येतो आणि तो वेग व्यायामानंतर एक-दोन दिवस टिकतो. नवे दोरे जुन्यांच्या शेजारी बसतात, तंतू जाड होतो. असे लाखो तंतू किंचित जाड झाले की शर्टाची बाही घट्ट होते. माणसात तंतूंची संख्या व्यायामाने वाढल्याचा पक्का पुरावा नाही. आहे तोच तंतू भरतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तंतूच्या अंगाला चिकटून काही छोट्या पेशी निजून असतात. १९६१ साली अलेक्झांडर मौरो यांनी बेडकाच्या स्नायूत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पहिल्यांदा पाहिल्या आणि त्यांना सॅटेलाइट पेशी म्हटलं. व्यायामाने त्या जाग्या होतात, संख्येने वाढतात आणि त्यांतल्या काही तंतूत विरघळून आपलं केंद्रक त्याला देऊन टाकतात. तंतू मोठा झाला की त्याचा कारभार पाहायला जास्त केंद्रकं लागतात, ती अशी मिळतात.

स्नायू फाटतो आणि भरून येताना जाड होतो, असं ऐकलंय. खरं ना?

हे इतक्या ठिकाणी सांगितलं जातं की मीही काही वर्षं मुलांना तेच सांगत होतो. पण ते बरोबर नाही. नवख्या माणसाच्या पहिल्या काही व्यायामांत तंतूंना इजा होते हे खरं आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१६ साली हाच प्रश्न तपासला. सुरुवातीच्या आठवड्यात प्रथिनं बांधण्याचा वेग सगळ्यांत जास्त होता, पण ती प्रथिनं पडझड दुरुस्त करण्यातच खर्ची पडत होती. इजा कमी झाल्यावरच त्या वेगाचा आणि स्नायूच्या वाढीचा मेळ बसू लागला.

घरचं उदाहरण देतो. सिंहगड पायी उतरून आलेल्या नवख्या माणसाच्या मांड्या दोन-तीन दिवस इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही. इजा भरपूर झालेली असते. पण नुसता गड उतरून कोणाच्या मांड्या भरल्याचं मी पाहिलेलं नाही. वाढ ताणाने होते. इजा ही त्या ताणासोबत येणारी नको असलेली गोष्ट आहे, ती मुद्दाम मागायची नसते.

दुसऱ्या दिवशी अंग आंबलं नाही, तर व्यायाम वाया गेला का?

नाही. अंग आंबणं हे बहुतेक वेळा नवेपणाचं लक्षण असतं. व्यायाम नवा, किंवा खंड पडून पुन्हा सुरू केलेला, किंवा वजन खाली आणताना स्नायू ताणत सोडलेला. तोच व्यायाम चौथ्या-पाचव्या वेळी केला की दुखणं उरत नाही, वाढ मात्र चालू असते.

आपल्या भाषेने इथे एक गंमत करून ठेवली आहे. ‘आंबणं’ म्हटलं की आंबट, आणि आंबट म्हटलं की लॅक्टिक ॲसिड, असा सरळ धागा डोक्यात जुळतो. पण व्यायामात तयार होणारं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी आणि शिगेला पोचतं एक ते तीन दिवसांत. तेव्हा लॅक्टेट तिथे नसतंच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. दुखण्यासोबत अंग खूप सुजलं आणि लघवी काळ्या चहासारखी, कोलासारखी झाली, तर घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्नायू मोठ्या प्रमाणात तुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात चाललेलं असू शकतं. पहिल्याच दिवशी ‘घाम काढतो तुझा’ म्हणणाऱ्या ट्रेनरच्या हाताखाली असं होतं. नवख्याला पहिल्या आठवड्यात आणखी करता येत असतानाच थांबवावं, हा माझा नियम आहे.

किती वजन घ्यायचं? जड वजन आणि कमी रेप, की हलकं वजन आणि जास्त रेप?

वजन एकदा उचलून खाली आणलं की एक रेप, आणि न थांबता केलेल्या रेपचा मिळून एक सेट. पाच रेपपासून तीस रेपपर्यंत, कुठल्याही वजनाने स्नायू वाढतो. अट एकच: सेट संपताना आणखी दोन-तीनच रेप निघाले असते, एवढी दमछाक त्या स्नायूची झालेली असावी.

ही अट का, ते समजून घेण्यासारखं आहे. मेंदू सगळे तंतू एकदम कामाला लावत नाही. एका चेतापेशीच्या हाताखाली तंतूंची एक तुकडी असते. आधी लहान तुकड्या निघतात आणि काम निभेना झालं की मोठ्या. एलवूड हेनेमन यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर हा क्रम दाखवून दिला. मोठ्या तुकड्यांतल्या तंतूंची वाढायची क्षमता जास्त असते. जड वजनाला त्या पहिल्या रेपपासूनच निघतात. हलक्या वजनाला त्या निघतात, पण शेवटी, लहान तुकड्या थकल्यावर. म्हणून हलक्या डंबेलचे पंधरा रेप गप्पा मारत काढून ठेवून दिले, तर ज्यांना बोलवायचं होतं त्या तुकड्या आल्याच नाहीत.

नुसती ताकद हवी असेल तर जड वजनच बरं. आकार हवा असेल तर आठ ते पंधरा रेप सोयीचे पडतात. सांध्यांवर फार भार येत नाही आणि तीस रेपची जीवघेणी जळजळही सोसावी लागत नाही.

मग पैलवान पाचशे बैठका मारतात, त्यांच्या मांड्या कशा एवढ्या?

हा प्रश्न कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडची मुलं हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवा. पहिली गोष्ट, तालमीत कोणी पहिल्या दिवशी पाचशे मारत नाही. वस्ताद पोराला पंचवीस-पन्नासवर सुरू करतात आणि आकडा चढवत नेतात. ज्याला पन्नास बैठकांनंतर भिंत धरावी लागते, त्याच्यासाठी त्या पन्नास हा खरा ताण असतो, आणि त्या काळात मांड्या भरतात.

पुढे पाचशे सहज निघू लागल्या की त्या दमसास वाढवतात, आकार फारसा नाही. पण पैलवानाचा व्यायाम तिथे संपत नाही. हौद्यातली माती फावड्याने उकरणं, दोर चढणं, मुद्गल आणि करेल ही जड लाकडी साधनं फिरवणं, जोडीदाराला खांद्यावर घेऊन चालणं, आणि मुख्य म्हणजे रोजची लढत. ऐंशी-नव्वद किलोचा गडी अंगावर रेटत असतो आणि त्याला पायांच्या जोरावर थोपवायचं असतं. याहून मोठं वजन कुठल्या जिममध्ये मिळणार? जोर-बैठकांना जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, आणि फक्त जोर-बैठकांवर थांबलेल्यांनीही.

‘वजन वाढवत जा’ म्हणजे कसं आणि किती?

या सगळ्या पानात एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघ्याला, मांडीला इजा झालेले अमेरिकन सैनिक येत. प्लास्टरमुळे त्यांच्या मांड्या वाळलेल्या असत. तेव्हाची रीत होती हलक्या वजनाने पुष्कळ वेळा पाय हलवायचा. तिथले तरुण लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांना ती पटत नव्हती. लहानपणी संधिवाताच्या तापाने ते अंथरुणाला खिळले होते आणि बरे झाल्यावर वजनं उचलून त्यांनी शरीर कमावलं होतं. त्यांनी सैनिकांना जड वजनं द्यायला सुरुवात केली. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन ठरवायचं, आणि ताकद वाढली की वजन वाढवायचं. १९४५ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. जगभरच्या जिममध्ये आज जे चालतं त्याचा बराचसा पाया तिथे आहे.

कारण सरळ आहे. स्नायू आजच्या ताणाला पुरेल एवढा वाढतो आणि थांबतो. पाच किलोचं डंबेल दहादा उचलायला लागतो तेवढा दंड झाला, की शरीराच्या दृष्टीने काम झालं. पुढची दोन वर्षं तेच डंबेल तेवढ्याच वेळा उचललं, तर दंड तेवढाच राहील. मी स्वतः कॉलेजात दीड वर्ष असं घालवलं आहे. त्या दीड वर्षाची मला आजही हळहळ वाटते, म्हणून सांगतो: दहा रुपयांची वही घ्या. तारीख, व्यायाम, वजन, रेप लिहा. दहाच्या जागी बारा रेप नीट निघू लागले की वजन एक-दोन किलोने वाढवा, रेप पुन्हा आठ-दहावर येतील, तिथून पुन्हा चढा. वजन वाढवताना पाठ वाकत असेल, झोका द्यावा लागत असेल, तर ते वाढवलेलं वजन धरायचं नाही.

आठवड्यातून किती दिवस आणि किती सेट?

एका स्नायूला आठवड्यात साधारण दहा सेट, दोन-तीन दिवसांत विभागून. अगदी नवख्याला त्याच्या निम्म्यानेही गुण येतो. सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बसा; घाई केली की पुढच्या सेटला रेप कमी निघतात. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, असं आठवडाभर एकेका स्नायूला एकच वार वाटून देण्यापेक्षा नोकरी करणाऱ्या माणसाने तीन दिवस सगळं अंग घ्यावं. एखादा दिवस बुडला तरी कुठला स्नायू उपाशी राहत नाही.

महिना झाला, वजन दुप्पट उचलतोय, पण टेप तेवढीच दाखवते. चुकतंय का काही?

काही चुकत नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि चेतांमुळे. आहे त्या स्नायूतल्या जास्त तुकड्या एकदम कामाला लावायला शरीर शिकतं. मोरितानी आणि डिव्हरिस यांनी १९७९ साली हा हिशेब मांडला होता: आधी चेता, मग स्नायू. टेपवर दिसण्याजोगी वाढ यायला दोन ते तीन महिने धरा. दोन दिवसांत दंड फुगलेला वाटतो ती सूज असते, आणि व्यायाम संपताना आरशात दिसतो तो रक्ताचा भर, जो घरी पोचेपर्यंत ओसरतो.

प्रथिनं किती लागतात? घरच्या जेवणात भागतं का?

सर्वसाधारण माणसासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिवसाला शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितली आहेत. वजनाचा व्यायाम करणाऱ्यासाठी २०१८ साली ४९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे फारसा फायदा दिसला नाही. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ९६ ग्रॅम.

आता आपलं ताट पाहू. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, पालेभाजी, वरण-भात, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री दोन भाकऱ्या आणि भाजी. पोट भरतं, पण बेरीज पंचेचाळीसच्या आसपास थांबते. आपल्या बहुतेक घरांत वरण पातळ असतं. वाटीभर वरणात डाळ तीस ग्रॅम असली तर प्रथिनं सात ग्रॅम, आणि अनेकदा तेवढी डाळही नसते.

त्यात भर घालणं अवघड नाही. दोन अंडी, बारा ग्रॅम. चाळीस ग्रॅम मटकी भिजवून मोड आणून केलेली उसळ, नऊ. पेलाभर दूध, आठ. मूठभर शेंगदाणे, सात. तीस ग्रॅम सोया वडी, पंधरा. एवढं घातलं की नव्वदीच्या पुढे गेलात. अंडी चालत नसतील तर शंभर ग्रॅम पनीर अठरा ग्रॅम देतं. मासे खाणाऱ्यांना बांगडा-सुरमईच्या शंभर ग्रॅममध्ये वीसच्या आसपास मिळतात. उपासाच्या दिवशी मात्र साबुदाण्याच्या भरवशावर राहू नका. त्यात प्रथिनं नावालाच असतात. खिचडीतलं कूट, दही आणि दूध हेच काय ते कामाचं.

पैलवानांच्या बदामाच्या थंडाईबद्दलही विचारतात. बदामाच्या शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं एकवीस आणि स्निग्ध पदार्थ पन्नास ग्रॅम असतात. दिवसाला चार-पाच तास मेहनत करणाऱ्या पैलवानाला ती ऊर्जा लागते. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी तासभर जिममध्ये येणाऱ्याने तोच खुराक घेतला तर पोट वाढेल.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

पावडर आणि क्रिएटिन घ्यावं का?

व्हे पावडर म्हणजे दुधाच्या निवळीतली प्रथिनं, वाळवलेली. एका मापात वीस-पंचवीस ग्रॅम. ताटात कमी पडत असेल आणि खिशाला परवडत असेल तर सोय म्हणून घ्या. तिच्यात वेगळी जादू नाही. क्रिएटिन हा आपल्या स्नायूत मुळातच असणारा पदार्थ. तो रोज तीन ते पाच ग्रॅम घेतल्याने सेटमध्ये एक-दोन रेप जास्त निघतात, हे भरपूर तपासलेलं आहे. वजन सुरुवातीला किलोभर वाढतं, ते स्नायूत धरलेलं पाणी असतं. बाकी डब्यांवर पैसे घालवू नका. ते पैसे अंड्यांना द्या.

आणि झोपा. ऑस्ट्रेलियातल्या एका लहान प्रयोगात एक रात्र पूर्ण जागून काढलेल्या तरुणांच्या स्नायूंत प्रथिनं बांधण्याचा वेग १८ टक्क्यांनी घटला होता.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने खरंच फरक पडतो का?

पडतो. पडत नाही असं खोटं सांगून मुलं थांबत नाहीत, म्हणून खरं सांगतो. १९९६ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात काही पुरुषांना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिलं. ज्यांनी व्यायाम अजिबात केला नाही त्यांचंही चरबी वगळताचं वजन तीन किलोच्या वर वाढलं, म्हणजे औषध न घेता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त.

आता त्याची किंमत. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू बनणं थांबतं, आणि बंद केल्यावर ते परत यायला महिने लागतात, कधी वर्षं. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची भिंत जाड होते. तोंडाने घ्यायच्या गोळ्या यकृतावर जातात. जिममध्ये कुपी देणारा यातलं काहीच सांगत नाही.

याहून वाईट म्हणजे मेफेन्टरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते हे औषध. त्याने स्नायू वाढत नाही. नुसती तरतरी येते, हृदय जोरात पळतं आणि सवय लागते. पुण्या-मुंबईत पोलिसांनी या कुप्या पकडल्याच्या बातम्या येतात, आणि घेणारी मुलं विशी-बाविशीची असतात. तुमच्या जिममध्ये कोणी हे देत असेल तर ती जिम सोडा आणि घरच्यांना सांगा. यात भिडेखातर गप्प बसू नका.

बायकांनी वजनं उचलली तर अंग पुरुषी होतं का?

होत नाही. पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन बायकांच्या दहापट किंवा त्याहून जास्त असतं. सुरुवातीचा स्नायू कमी असल्याने बायकांची एकूण वाढ कमी असते, टक्क्यांत मोजली तर जवळपास पुरुषांइतकीच. हाडंही भरतात, आणि पाळी गेल्यानंतरच्या वयात याची फार गरज असते. गुलाबी रंगाची एक किलोची डंबेल ठेवून द्या. पाण्याची भरलेली कळशी उचलणाऱ्या हातांना ती कशाला?

मी मुळातच सडपातळ आहे. मला याची काय गरज?

तुम्हालाच जास्त असू शकते. २००४ साली पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे दिसायला बारीक आणि आतून चरबी जास्त, स्नायू कमी, अशी शरीरं पुष्कळ आहेत.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर ओढून घेणारं सगळ्यांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असलं की साखर रक्तात रेंगाळते. वजनाच्या व्यायामाने कोठार मोठं होतं आणि त्याची दारंही जास्त उघडतात. घरात मधुमेह असेल तर हे केवळ दिसण्यासाठी करायचं काम उरत नाही.

व्यायाम सोडला तर स्नायूची चरबी होते का?

नाही, ते दोन वेगळे ऊतक आहेत. स्नायू आकसतो, आणि खाणं तेवढंच राहिलं तर चरबी वेगळी वाढते. पुन्हा सुरू केल्यावर गेलेलं पहिल्यापेक्षा लवकर परत येतं.

वय साठच्या पुढे आहे. आता काय उपयोग?

बोस्टनमध्ये एका वृद्धाश्रमात १९९० साली दहा जणांवर प्रयोग झाला. वयं ८६ ते ९६. आठ आठवडे जड वजनाने मांड्यांचा व्यायाम. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीतल्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी. तेव्हा साठ हे काही वय झालं नाही. रक्तदाब, हृदय, सांधे यांबद्दल डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या आणि सुरू करा.

माझ्या आईने बासष्टाव्या वर्षी सुरू केलं. देवळात मांडी घालून बसली की उठायला हात मागायची. पहिल्या दिवशी जेवणाच्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं, पाच वेळा, एवढंच केलं. आठ दिवसांनी आठ वेळा. बारा निघू लागल्यावर पिशवीत दोन किलो तांदूळ घालून ती छातीशी धरली. पुढे तीन किलो, मग पाच. पाठीसाठी दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा, खांद्यासाठी पाण्याच्या बाटल्या. मंगळवार आणि शुक्रवार, वीस मिनिटं. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती आकडे लिहिते. परवाच्या शुक्रवारी तिथे लिहिलं होतं: खुर्ची, सात किलो, दहा वेळा, तीनदा.